पिनांगची तांबट आळी

मलेशियातल्या पिनांग बेटावरचं जुनं शहर जॉर्जटाउन. तिथल्या आर्मेनियन स्ट्रीटवर सकाळी दहानंतर एका भिंतीपुढे रांग लागते. भिंतीवर दोन मुलं रंगवली आहेत, ती बसलीत ती सायकल मात्र खरी, भिंतीला टेकवून पक्की केलेली. एर्नेस्ट झाकारेविच या लिथुआनियाच्या चित्रकाराने २०१२ मध्ये ते चित्र काढलं. लोक मुलांच्या मागे हात धरून फोटो काढतात, पुढच्या चित्राकडे वळतात आणि चिनी वस्ती बघून झाली असं समजतात.

त्याच गल्लीचं हॉक्येन, म्हणजे चीनच्या फुक्येन प्रांतातून आलेल्या, चिनी माणसाच्या तोंडचं नाव आहे ‘फा तांग आ के’. तांग म्हणजे तांबं, के म्हणजे रस्ता. तांबं ठोकणाऱ्यांची आळी. पुण्यातली तांबट आळी उचलून मलाक्काच्या सामुद्रधुनीवर ठेवावी, इतकं तंतोतंत तेच नाव. आर्मेनियन व्यापारी इथे होते ते मोजके, आणि ते केव्हाच निघून गेले. पाटीवर मात्र तेच राहिले.

पिनांगमध्ये जवळपास प्रत्येक रस्त्याला अशी तीन नावं आहेत. इंग्रजांनी दिलेलं, पाटीवरचं मलय, आणि वापरातलं चिनी. मलयमधले ‘लेबुह’, ‘जालान’, ‘लोरोंग’ हे शब्द रस्त्याचा आकार सांगतात, इंग्रजी नावं कोण साहेब होता ते सांगतात. तिथे काय चालायचं हे कळतं ते चिनी नावावरून. किंबर्ली स्ट्रीट म्हणजे ‘स्वाताव के’, कारण तिथे दक्षिण चीनच्या स्वाताव बंदरातून आलेले तिओचिउ बोलीचे लोक राहिले. कॅम्पबेल स्ट्रीट ‘सिन के’, नवा रस्ता. तो आता दीडशे वर्षांच्या घरात आला, तरी नवाच. चुलिया स्ट्रीट ‘गु कान तांग’: ‘गु’ म्हणजे गुरं, आणि ‘कान तांग’ हा मलय ‘कांदांग’चा अपभ्रंश. थोडक्यात, गोठ्याची गल्ली. नकाशा मलय घ्यावा, कारण पाट्या मलय आहेत. चौकशी मात्र इंग्रजी नावाने करावी, म्हातारी माणसं अजून तेच बोलतात. आणि चिनी नाव माहीत असेल तर कॉफीच्या दुकानात गप्पा सुरू व्हायला तेवढं पुरतं.

मराठी कानाला आणखी एक शब्द ओळखीचा वाटेल: ‘गाट’. गाट लेबुह आर्मेनियन, गाट लेबुह चुलिया, गाट लेबुह चायना. इंग्रजी कागदपत्रांत हे ‘घाट’ असं लिहिलेलं आहे, आणि ते आपल्या नदीकाठच्या घाटावरूनच आलं आहे. कंपनी सरकारच्या माणसांनी बंगाल-मद्रासमधून ते बरोबर नेलं. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने बेट कंपनीसाठी ताब्यात घेतलं तेव्हा समुद्र लेबुह पांताईपर्यंत होता, पांताई म्हणजे किनारा. प्रत्येक आडवा रस्ता तिथे पाण्यात उतरायचा. १८८० च्या दशकात भराव टाकून वेल्ड की हा धक्का बांधला आणि रस्ते पुढे वाढवले. त्या वाढीव तुकड्यांना नाव पडलं घाट. त्यामुळे जुना किनारा शोधायला संग्रहालयात जायला नको. ‘लेबुह’ संपून ‘गाट लेबुह’ सुरू होतो त्या पाटीखाली उभं राहायचं: मागे मूळ जमीन, पुढे भराव. सगळा जुना भाग असा पाट्या वाचत पायी फिरता येतो. फक्त सकाळी साडेसातला निघावं, अकरानंतर उन्हात डोकं चालत नाही.

भरावाच्याही पुढे, पाण्यावर, माणसं राहतात. वेल्ड कीच्या पलीकडे लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या या वस्त्यांना भावकीचे धक्के म्हणता येईल. एका धक्क्यावर एकच आडनाव: च्यु, लिम, तान, ली, यो. सहावा धक्का मिश्र आडनावांचा. आणखी काही होते, ते पाडले गेले. त्यातला कोए आडनावाचा धक्का २००६ मध्ये गेला. बोटीतून माल उतरवणारे हमाल आणि नावाडी आपापल्या गावच्या माणसांजवळ राहिले, त्यातून हे झालं. आडनाव एक म्हणजे मूळ एक, आणि आपसात सोयरीक नाही. सगोत्र प्रकरण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. रहिवाशांच्या नावावर जमीन नाही, कारण खाली जमीनच नाही. राहायचा तात्पुरता परवाना असतो आणि त्याचं नूतनीकरण करत राहावं लागतं. च्यु धक्का सगळ्यांत मोठा आणि आता सगळ्यांत जास्त दुकानांनी भरलेला. शांतपणे बघायचं तर शेजारच्या तान धक्क्यावर जावं. फळ्यांची अरुंद वाट थेट समुद्रात जाते. दारं उघडी असतात म्हणून आत डोकावू नये, ती वाऱ्यासाठी उघडी असतात.

चिनी नववर्षाच्या आठव्या दिवशी रात्री च्यु धक्क्याच्या तोंडाशी लांबच लांब टेबलं मांडतात आणि त्यांना अख्खे ऊस बांधतात. नववा दिवस ‘थि कोंग’चा, म्हणजे आकाशाच्या राजाचा. हॉक्येन लोकांची आख्यायिका अशी की सैन्य मागे लागलं तेव्हा त्यांचे पूर्वज उसाच्या फडात लपून वाचले आणि बाहेर आले तो याच देवाचा दिवस होता. म्हणून हॉक्येन घरांत पहिल्या दिवसापेक्षा नवव्याचं कौतुक जास्त.

भावकीचं हे प्रकरण जमिनीवर आलं की त्याला ‘कोंगसी’ म्हणतात. कोंगसी म्हणजे एका आडनावाच्या लोकांची संस्था: कुलदैवत, पूर्वजांच्या नावाच्या पाट्या, सभागृह, भाड्याने दिलेली घरं, आणि त्या भाड्यातून मुलांच्या शाळेचा खर्च. खू, चिया, यो, लिम आणि तान ही पाच मोठी हॉक्येन घराणी आर्मेनियन स्ट्रीटच्या आसपासच आहेत. बाहेरून त्यांचा पत्ता लागत नाही, आणि तो मुद्दामच लागू दिलेला नाही. खू कोंगसीचं देऊळ कॅनन स्क्वेअर या फरसबंद चौकात आहे, भोवती घरांच्या रांगा, आत यायला अरुंद बोळ. चिया कोंगसीचं दार तर दोन दुकानांमधली फट वाटते. १८६७ च्या ऑगस्टमध्ये घी हिन आणि तुआ पेक कोंग या दोन गुप्त मंडळ्या, प्रत्येकीच्या बाजूला एकेक मुस्लिम मंडळी घेऊन, दहा दिवस रस्त्यात लढल्या. हे बोळ आणि फटी तेव्हा कामी आल्या. आज जिला आपण वास्तुकलेतली गंमत म्हणतो ती आधी नाकेबंदी होती.

या भांडणाचं एक शेपूट रस्त्याच्या नावात अडकलं आहे. चर्च स्ट्रीटचं चिनी नाव ‘घी हिन के’, कारण त्या मंडळीचं ठाणं तिथे होतं. मंडळ्यांवर बंदी आल्यावर ती जागा विकत घेतली चुंग केंग क्वी यांनी, घी हिनच्या दुसऱ्या वैऱ्यांचे, म्हणजे हाय सान मंडळीचे ते पुढारी. १८९० च्या दशकात त्यांनी तिथे हिरवट रंगाचा भव्य वाडा बांधला, आज ते पेरानाकान, म्हणजे मलय रीतीभाती उचललेल्या इथल्या जुन्या चिनी घराण्यांचं, संग्रहालय आहे. वाडा त्यांचा, रस्त्याचं नाव अजून वैऱ्याचं.

खू कोंगसीचं आजचं देऊळ १९०६ मध्ये पुरं झालं. आधीचं १९०१ मध्ये जळलं. ते सम्राटाच्या महालासारखं दिसत होतं म्हणून देव कोपले, असं सांगतात. नवं बांधताना थोडं आवरतं घेतलं म्हणतात, पण छपराकडे पाहिल्यावर ते पटणं कठीण. दाराशी दगडात कोरलेले शीख पहारेकरी उभे आहेत, कारण त्या काळात श्रीमंतांच्या दाराशी पहारा शिखांचाच असे. ते पाहून झाल्यावर दुर्बीण असेल तर छपराच्या कण्यावर लावावी, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ ओढावा.

तिथले ड्रॅगन, फिनिक्स आणि फुलं रंगवलेली नाहीत. ती चिनीमातीच्या तुकड्यांची आहेत. या कामाला ‘च्यान निएन’ म्हणतात, कापा आणि चिकटवा. कारागीर पातळ, भडक रंगांचे वाडगे घेतो आणि पकडीने त्यांचे पाकळीएवढे तुकडे करतो. सपाट फरशी चालत नाही, वाडगाच लागतो, कारण पाकळीला जो बाक हवा तो वाडग्याच्या पोटात आयता असतो. काठाजवळचा तुकडा कमी वळलेला, बुडाजवळचा जास्त. फुलाच्या मध्यापासून बाहेर जाताना तो तुकडे त्या क्रमाने लावत जातो. आत तारेचा सांगाडा, वर चुन्याचा गारा. गाऱ्यात वाळू, कागदाचा किंवा तागाचा लगदा आणि साखर. आपल्याकडे जुन्या बांधकामाच्या चुन्यात गूळ घालत, त्याचीच ही भावंडं. बिघडतं ते तारेवरून. तार लोखंडी असेल आणि गाऱ्याला चीर गेली तर पाणी आत शिरतं, गंजून तार फुगते आणि ड्रॅगनचं शेपूट रस्त्यावर येतं. अशा वेळी घाईने सिमेंट थापलं तर चीर बुजते, पण पुढच्या खेपेला तुकडे सुटे होत नाहीत, फुटतात.

आता या वस्तीचा खरा ऐवज, दुकानघरं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. रुंदी पाच-सहा मीटर, कारण भिंतीपासून भिंतीपर्यंत जाईल एवढीच तुळई मिळायची. आतली लांबी मात्र तीस मीटर आणि कधी त्याहून जास्त. एवढ्या लांब नळीत मधे उजेड-वारा येणार कुठून? म्हणून मध्ये छप्पर उघडं सोडतात. वाड्याचा चौकच तो, फक्त चिंचोळा. तळाला ग्रॅनाइटच्या लाद्या, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोड्या खाली, पाऊस थेट आत पडतो. तापलेली हवा तिथून वर जाते आणि रस्त्याकडून गार हवा ओढली जाते. पाणी म्हणजे लक्ष्मी, म्हणून सांडपाण्याची मोरी सरळ न काढता वळवून बाहेर काढायची, पैसा घाईने जाऊ नये. या चौकावर कुणी प्लास्टिकचं पारदर्शक छप्पर घातलं की घराचं गणित बिघडतं: उष्णता कोंडते, ओल अडकते, दोन-चार वर्षांत तुळयांची टोकं भिंतीत मऊ पडू लागतात. मग मालक एसी बसवतो.

घराचं वय दर्शनी बाजूवरून अंदाजता येतं. बुटकं, साधं, वर फळ्यांच्या छोट्या खिडक्या असतील तर जुनं, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातलं. वरच्या मजल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत झिलमिलीच्या खिडक्या आणि कोरीव लाकूड असेल तर त्यानंतरचं. गिलाव्यातल्या वेलबुट्ट्या, कमानी, रंगीत काच आणि खाली चकचकीत फरशांची पट्टी दिसली की १८९० च्या पुढचं, रबर आणि कथलाच्या पैशाचं. पायऱ्यापायऱ्यांचा कठडा आणि त्यावर ठळक आकड्यांत साल, ते १९३० च्या दशकातलं आर्ट डेको. दारावरच्या सोनेरी अक्षरांच्या पाट्या जुन्या असतील तर उजवीकडून डावीकडे वाचायच्या. डावीकडून वाचली की दुकानाचं नाव उलटं होतं.

दुकानापुढचा ओटा सलग छपराखाली असतो. पाच फुटांचा म्हणून हॉक्येनमध्ये ‘गो खा की’, मलयमध्ये ‘काकी लिमा’. सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सने १८२२ मध्ये त्या शहराच्या आखणीत हा सक्तीचा केला, पुढे पिनांगच्या नगरपालिकेनेही कायद्यात घेतला. कागदावर हा पादचाऱ्यांचा हक्क आहे. प्रत्यक्षात प्रत्येक मालकाने आपल्या ओट्याची उंची आपल्या मर्जीने ठेवली, त्यामुळे दर सहा मीटरला एक पायरी वर किंवा खाली, वर मोटरसायकली, टेबलं आणि वाळत घातलेली कोळंबी. खाली बघून चालावं. खाली बघितलं की दाराशी जमिनीलगत छोटा लाल देव्हारा दिसतो. तिथली मूर्ती मलय टोपी घातलेली असेल तर तो ‘दातुक कोंग’, म्हणजे जागेचा मूळ मालक, मुसलमान मलय आत्मा. चिनी माणसं त्याला पुजतात, पण डुकराचं मांस दाखवत नाहीत. त्याला विड्याचं पान लागतं. पिनांग म्हणजे मलयमध्ये सुपारी, तेव्हा सुपारीच्या बेटाच्या क्षेत्रपालाला विडा हे रीतीला धरूनच झालं.

याच ओट्याच्या खांबांवर भिंतींचं आरोग्य कळतं. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत बघायचं. या घरांच्या विटा मऊ, कमी भाजलेल्या, चुन्यात रचलेल्या. पायात ओल रोखणारा थर नाही. जमिनीतलं खारट पाणी विटांतून वर चढणारच. चुन्याचा गिलावा ते वाफेने बाहेर सोडतो, भिंत डागाळते पण टिकते. त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक रंग चढवला की पाणी कोंडून आणखी वर जातं, सुकताना क्षारांचे स्फटिक गिलाव्यामागे फुगतात आणि रंगाला पापुद्रे सुटून विटेचं पीठ पडायला लागतं. मग लोक अजून जाड सिमेंट लावतात. खरा उपाय कंटाळवाणा आहे: सिमेंट खरवडून काढायचं, भिंतीला महिनोन् महिने सुकू द्यायचं, ओल्या कागदाच्या लगद्याचे लेप लावून क्षार ओढून घ्यायचे, मग काही आठवडे भिजत मुरवलेला चुना एक भाग आणि वाळू तीन भाग असा गिलावा तीन पातळ थरांत. प्रत्येक थर ओलसर ठेवायचा, नाहीतर भेगा. वर चुन्याचेच चार-पाच हात. लीथ स्ट्रीटवरच्या चांग फात झे या चिनी धनिकाच्या निळ्या वाड्याचा रंग असाच आहे, चुन्याच्या निवळीत नीळ कालवलेली. त्यात भिंत श्वास घेते.

ही घरं इतकी वर्षं टिकली कशी, याचं उत्तर सौंदर्यदृष्टीत नाही, भाडेकायद्यात आहे. १९४८ पूर्वीच्या घरांची भाडी मलेशियाने गोठवून ठेवली होती. १९६६ च्या कायद्याने ती व्यवस्था पक्की केली. मालकाला पाडून बांधणं परवडेना, दुरुस्ती करायला परवडेना, आणि भाडेकरू नाममात्र भाड्यात तीन पिढ्या राहिले. गिरगावातल्या वाचकाला हे चित्र पाठ आहे. १९९७ मध्ये तिथला कायदा रद्द झाला आणि मुदत संपून १ जानेवारी २००० पासून भाडी मोकळी झाली. त्याच वर्षी ३१ मार्चला महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, त्याने जुन्या भाडेकरूंचं संरक्षण चालू ठेवलं. दोन शहरांनी एकाच सुमाराला विरुद्ध वाटा धरल्या. मुंबईत माणसं राहिली आणि चाळी कोसळत गेल्या. जॉर्जटाउनमध्ये घरं राहिली, माणसं उपनगरांत गेली. यातलं बरं कुठलं ते सांगायला धीर होत नाही.

रिकाम्या घरांत आधी शिरल्या पाकोळ्या. त्यांची घरटी खाण्यासाठी महाग विकली जातात, म्हणून लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, आत अंधार आणि दमटपणा राखला, छपरावर भोंगे लावून पाकोळ्यांचे आवाज वाजवले. तुळया आतून भिजत राहिल्या. ७ जुलै २००८ ला मलाक्कासह जॉर्जटाउन जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि मग वारसा क्षेत्रातून हा धंदा हटवला. त्यानंतर आली हॉटेलं आणि कॅफे.

खाण्यासाठी संध्याकाळी किंबर्ली स्ट्रीट, सकाळी कुठलाही ‘कोपितियाम’. मलय ‘कोपी’, हॉक्येन ‘तियाम’ म्हणजे दुकान. संगमरवरी टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या पाहून इराणी आठवेल, पण व्यवहार वेगळा आहे. दुकानाचा मालक फक्त पेयं विकतो. पदार्थ विकणारे त्याच्या ओट्याचे भाडेकरू. टेबल धरायचं, पेय मागवायचंच, मग एकेका गाड्यावर जाऊन पदार्थ आणि टेबल सांगायचं, ताट आलं की त्या माणसाला पैसे द्यायचे. ‘कोपी ओ’ म्हणजे काळी, साखर घातलेली. ‘कोसोंग’ जोडलं की बिनसाखरेची, ‘पेंग’ जोडलं की बर्फाची. नुसती ‘कोपी’ म्हटली तर तळाशी बोटभर आटवलेलं गोड दूध असतं. बरोबर पाव हवा तर ‘लोती’ म्हणायचं. तो शब्द आपल्याच रोटीचा, मलयमधून हॉक्येनमध्ये गेलेला; साबणालाही तिथे ‘साप बुन’ म्हणतात. ‘चार कोए तिआव’ची चांगली गाडी ओळखायची ती वेळेवरून: तांदळाच्या पट्ट्या, कोळंबी, शिंपले, मोड आणि अंडं एका वेळी एकाच ताटापुरतं परततात, कारण कढईत दोन ताटांचं पडलं की ती गार होते, पाणी सुटतं आणि करपल्याचा जो वास हवा तो येत नाही. पाऊण तास लागला तर कुरकुर करू नये. शाकाहारी माणसाने आधी विचारावं, तेल बहुधा डुकराच्या चरबीचं असतं.

दुपारनंतर जुनी दुकानं मिटू लागतात. दाराला बिजागऱ्या नाहीत, उभ्या फळ्या आहेत, खालच्या-वरच्या खाचेत एकेक सरकवायच्या. प्रत्येक फळीच्या मागे तिचा क्रमांक चिनी आकड्यात रंगवलेला असतो, कारण वर्षानुवर्षं पाणी पिऊन प्रत्येकीचा बाक वेगळा झालेला असतो आणि तिसरी फळी चौथ्या जागी बसत नाही. मालक क्रमांक न बघता लावत जातो. शेवटची अर्धी उघडी ठेवून आतून आडणा घालतो, आणि मग ती फट बंद होते.